नागपूरची हरवलेली पाणवाट

नाग नदीचे पाणी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. पुढे वर्धेशी संगम झाला की वैनगंगेची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत विलीन होते. तिथून पापीकोंडलूच्या डोंगररांगांमधून वाट काढत नागपूरचे पाणी बंगालच्या उपसागराला पोहोचते.

याच वाटेने नावा चालवायचा घाट एकोणिसाव्या शतकात घातला गेला होता. गोदावरीवर धवलेश्वरमचा बंधारा (1847–52) उभारणारे आर्थर कॉटन यांची ही कल्पना. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला मोल आले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी योजना उचलून धरली. पात्रात तीन ठिकाणी खडकांची मोठी आडकाठी होती: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. तिथे बंधारा घालायचा, खडकाला वळसा देणारा कालवा काढायचा आणि लॉक बसवायचे, असे ठरले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. नाव आत आली की दार लावून पाणी भरायचे. पाण्याबरोबर नाव वर चढते आणि समोरचे दार उघडून पुढे निघते.

पण 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोहोचली. कापूस रुळांवरून जाऊ लागला आणि 1871 मध्ये नदीवरचे काम बंद पडले.

इंग्लंड-वेल्समध्येही रेल्वेने कालव्यांचा धंदा बसवला. मात्र तिथल्या लोकांनी कालवे मरू दिले नाहीत. 1944 मध्ये टॉम रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आले, 1946 मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. आज वेल्सच्या डोंगराळ मुलखात लांगोलेन कालव्यावर कुटुंबेच्या कुटुंबे नावेत राहून सुट्टी घालवतात. 1805 मध्ये बांधलेल्या पोंटकसिल्टे जलसेतूवरून त्यांची नाव खोल दरी ओलांडते. 2009 पासून तो जागतिक वारसास्थळ आहे.

यातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. मालाला शेवटचे टोक गाठावेच लागते. सहलीला एक देखणा टप्पाही पुरतो. तसा टप्पा नागपूर जिल्ह्यातच, कुही तालुक्यात आहे. आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर, मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’शी जोडलेली परंपरा आणि गोसीखुर्द धरणाच्या जलाशयाचे दूरवर पसरलेले पाणी आहे.

मात्र त्या पाण्याखाली लोकांची गावे आणि शेते गेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या डोंग्यातून मासेमारी करणाऱ्या ढिवरांना पात्राची जी जाण आहे, ती बाहेरच्या ठेकेदाराला असणार नाही. म्हणून नावेचे सुकाणू, मुक्कामाची घरे आणि जेवणाची चूल यांवर पहिला हक्क त्यांचा आणि धरणग्रस्तांचा हवा. सुरक्षेत तडजोड नको: सप्टेंबर 2019 मध्ये याच वाटेवर, पापीकोंडलूजवळ, पर्यटकांची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, नावेत मोजकीच माणसे आणि पुराच्या दिवसांत फेऱ्या बंद, एवढे पाळले तर वैनगंगेवरची सहल नागपूरकरांना आनंद देईल आणि नदीकाठच्यांना रोजगार.