बायकांची सायकल शर्यत : मोडली, पण पुन्हा उभी राहिली

जुलै सरताना आपल्याकडे कोळपणी-खुरपणीची धांदल असते. त्याच सुमारास तिकडे फ्रान्समध्ये बायकांची एक मोठी सायकल शर्यत सुरू होते. 'तूर द फ्रान्स फाम' हे तिचे नाव. ही शर्यत टप्प्याटप्प्यांची असते. रोज एका गावाहून दुसऱ्या गावी सायकल मारायची, लागलेला वेळ मांडून ठेवायचा आणि शेवटी सगळ्या दिवसांची बेरीज करायची. जिची बेरीज सर्वांत कमी, तिला पिवळा सदरा. एक दिवस चमकून इथे भागत नाही. रोजचे काम रोज नेटाने करावे लागते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पुरुषांची शर्यत १९०३ साली सुरू झाली. बायकांसाठी १९५५ साली पाच टप्प्यांची शर्यत झाली. मिली रॉबिन्सन हिने ती जिंकली. पण पुढच्या वर्षी ती भरलीच नाही. मग थेट १९८४ साली पुन्हा सुरुवात झाली. ३६ बायका, १८ टप्पे. रस्ते आणि डोंगर पुरुषांचेच, फक्त अंतर कमी. अमेरिकेची मारियान मार्टिन पहिली आली आणि पॅरिसमध्ये पुरुषांचा विजेता लोराँ फिन्यों याच्या शेजारी उभी राहिली. त्याला बक्षीस मिळाले एक लाख डॉलरच्या वर, तिला हजाराच्या आसपास!

रोप चांगले, पाणी तुटले

फ्रान्सच्या जानी लाँगो हिने १९८७ ते १९८९ अशी लागोपाठ तीन वर्षे शर्यत जिंकली. बायका कमी पडत नव्हत्या. पैसा लावणारे टिकत नव्हते. १९८९ नंतर मोठ्या शर्यतीचा आधार सुटला. पुढे वेगळ्या नावांनी ती कशीबशी चालली. २००९ साली चारच टप्पे उरले आणि तीही बंद पडली.

चौघींचा अर्ज

२०१३ साली मारियान फोस, एमा पूली, कॅथ्रिन बर्टीन आणि क्रिसी वेलिंग्टन या चौघींनी आयोजकांकडे मागणी केली. नव्वद हजारांवर लोकांनी सह्या दिल्या. २०१४ साली पॅरिसमध्ये एका दिवसाची शर्यत मिळाली आणि ती फोसनेच जिंकली. २०२० पासून वरच्या दर्जाच्या महिला संघांना किमान पगार बांधून देण्यात आला. अखेर २०२२ साली आठ टप्प्यांची, हजार किलोमीटरांहून लांब शर्यत उभी राहिली. नेदरलँड्सची आन्नेमिक फान व्ह्लॉइटन पहिल्या दिवसांत पोटाच्या दुखण्याने बेजार होती. वय ३९. तरी शेवटचे दोन्ही डोंगरी टप्पे मारून तिने पिवळा सदरा मिळवला.

२०२४ साली तर हद्द झाली. देमी फोलेरिंग वाटेत पडली, तिचा वेळ गेला. शेवटचा डोंगर तिने जिंकला, पण बेरजेत पोलंडची काशिया न्येवियादोमा अवघ्या चार सेकंदांनी सरस ठरली!

२०२५ साली टप्पे नऊ झाले आणि फ्रान्सच्या पोलिन फेराँ-प्रेवो हिने घरच्या रस्त्यांवर बाजी मारली. तिला बक्षीस पन्नास हजार युरो. पुरुष विजेत्याला पाच लाख. म्हणजे अजून बरीच वाट बाकी आहे.

ताकद बायकांत १९५५ सालीही होती. खंड पडला तो पाठबळात. आपल्या पडवीत मुलीची सायकल पंक्चर होऊन उभी असेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी तेवढी दुरुस्त करून आणा.