सदाशिव पेठेतली आपली मुले



आपल्या भागात नवख्या पोराला "तू कोण?" असे कोणी विचारीत नाही. "कुणाचा रे तू?" असे विचारतात. मग तो बापाचे नाव सांगतो, वस्ती सांगतो आणि एवढ्यावर विचारणाऱ्याचे समाधान होते. माणसाची ओळख आधी त्याच्या माणसांवरून ठरते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. या पानावर आम्ही एरवी लागण, खत, तोडणी यांविषयी लिहितो. आज या ओळखीविषयी लिहीत आहोत. कारण आपल्या कित्येक सभासदांची मुले-मुली पुण्याच्या सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत.

पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव या पेठेला मिळाले आहे. पेशवाईत वसलेली ही वाड्यांची पेठ, वस्ती मुख्यतः ब्राह्मणांची. महाराष्ट्र साहित्य परिषद आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या जुन्या संस्था इथल्याच. पिढ्यान् पिढ्या एका जागी राहून बोलण्या-वागण्याची अशी काही रीत पडली, की 'सदाशिवपेठी' हे मराठीत विशेषणच होऊन बसले. कोणी ते कौतुकाने वापरतो, कोणी टोमण्याने. पण सोबत माणसाला कशी घडविते, याचा तो दाखला आहे.

याच पेठेत १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आज ते पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते. त्या काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. असा जेवलेला मुलगा हळूहळू त्या पेठेचाच होऊन जाई. मात्र ही सोय जातीच्या रेषेवरून चाले. कुणब्या-माळ्याच्या, धनगराच्या, महार-मांगाच्या पोराला त्या पंगतीत पान नव्हते.

म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसविली. त्या पंगतीत बसलेला मुलगा पुढे जन्मभर आपल्याला 'रयतेचा' म्हणवून घेई. आपण कुणाबरोबर जेवतो, यावरून आपण कोण ते ठरते, ही गोष्ट कर्मवीरांनी नेमकी हेरली होती. सहकारातही तेच आहे. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. एकरभर ऊसवाला आणि दहा एकरवाला या दोघांना सभासद म्हणून मत एकच, ही ओळख आपल्याला सहकाराने दिली.

आता पेठेतली आजची पंगत बघा. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. एका खोलीत चार-पाच कॉट, खाली अभ्यासिका, कोपऱ्यावर मेस. मेसमध्ये बीडचा, लातूरचा, नांदेडचा आणि आपल्याकडचा पोरगा शेजारी शेजारी बसतात. तिथे "कुणाचा रे तू?" असे कोणी विचारीत नाही. "कितवा अटेम्प्ट?" एवढेच विचारतात. ही नवी भावकीच झाली म्हणा ना. पुस्तके आणि नोट्स या हातातून त्या हातात फिरतात, आजारी पडलेल्याला डबा पोचतो. ११ मार्च २०२१ ला, तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्व परीक्षा कोरोनामुळे पुढे ढकलल्याचे कळले, तेव्हा हीच मुले शेजारच्या नव्या पेठेत शास्त्री रस्त्यावर उतरली. पुढे ती परीक्षा २१ मार्चला झाली. एकटा पोरगा खोलीत बसून राहिला असता. सगळे मिळून बोलले म्हणून ऐकले गेले.

परंतु या भावकीला एक खोट आहे. तिच्यात राहायचे ते परीक्षेच्या बळावर. जागा शेकड्यांत निघतात आणि फॉर्म लाखांत भरले जातात. म्हणजे यादीत नाव न लागणारेच फार. पाच-सहा वर्षे एवढी एकच ओळख घेऊन जगलेल्या पोराचे नाव लागले नाही, म्हणजे आपण नापास झालो असे त्याला वाटत नाही, आपण कुणीच नाही असे वाटते.

यात आपलाही हात आहे. पोरगे पुण्याला गेले की दुसऱ्या दिवसापासून आपण त्याला 'साहेब' म्हणतो. गणपतीला आले की पारावर पहिला प्रश्न, "काय साहेब, पोस्ट कधी?" एका सभासदाच्या प्लॉटवर आम्ही गेलो होतो. मुलगा कुठे दिसत नाही म्हणून विचारले. वडील म्हणाले, "अभ्यास लई असतोय त्याला." त्यांचे बोलणे संपल्यावर आई हळूच म्हणाली, "तीन दिवाळ्या झाल्या, आला न्हाई. त्याला गावाची भ्या वाटती, साहेब." त्यावर आम्हांला काही बोलता आले नाही.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. लागणीचे पीक लाडाचे आणि खोडवा मात्र पोरका, अशी आपली रीत. वास्तविक खोडव्याला पूर्वमशागत नको, बेण्याचा खर्च नको, मुळे जमिनीत धरलेलीच असतात. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता सरीत ठेवले आणि खत-पाणी वेळेवर दिले, तर खोडवा चांगले टनेज देतो. जो खोडव्याकडे फिरकतच नाही, त्याला तो साथ देत नाही. परत आलेल्या पोराचेही तसेच आहे. पाच वर्षे त्याने कायदा, अर्थकारण, शेती, सहकार वाचलेला असतो. सोसायटीचा ताळेबंद त्याला कळतो, माती परीक्षणाचा अहवाल तो समजून सांगू शकतो. त्याला जागा मात्र आपण करून द्यायला हवी.

म्हणून सभासदांना आमची विनंती आहे. परीक्षा कितीदा द्यायची, कोणत्या वयापर्यंत द्यायची, हे पोराला पाठविण्याआधीच घरात बसून ठरवा. 'साहेब' ही हाक नेमणुकीचा कागद येईपर्यंत राखून ठेवा. फोनवर आधी जेवण विचारा, निकाल तो आपणहून सांगेल. सुट्टीत आला की पाहुण्यासारखा बसवू नका. पाण्याची पाळी द्या, वजनाची पावती त्याच्याकडून तपासून घ्या, सर्वसाधारण सभेला बरोबर आणा. मुलीच्या बाबतीत एक जादा सांगणे आहे. शेअरच्या वारसनोंदीत कित्येक ठिकाणी मुलींची नावे राहून गेलेली असतात, ती लावून घ्या.

येत्या दिवाळीला तुमचा मुलगा येणार असेल, तर आमच्या गट कार्यालयात त्याला जरूर पाठवा. खोडव्याच्या प्लॉटवर त्याला आम्ही बरोबर घेऊन जाऊ. परीक्षेचा विषय आमच्याकडून निघणार नाही.

— ऊस विकास अधिकारी