एकवीस दिवसांचं आतडं

भंडाऱ्याकडे धानाचे पऱ्हे टाकल्यापासून ते रोवणीला येईपर्यंत एकवीस ते पंचवीस दिवस लागतात. पुण्यात मी जिथे काम करते, तिथे आतड्याचं अस्तर तयार व्हायलाही एकवीसच दिवस लागतात. हे अस्तर कुणाच्या पोटातून काढलेलं नसतं. काको-२ नावाच्या पेशी बारीक छिद्रांच्या प्लास्टिकच्या पडद्यावर पेरायच्या आणि वाट पाहायची.

या पेशी पुण्याच्याच एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारात मिळतात. त्यांचं मूळ मात्र न्यूयॉर्कचं. स्लोन-केटरिंग संस्थेत यॉर्गेन फॉग यांनी १९७०च्या दशकात एका वृद्ध रुग्णाच्या मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीतून त्या वेगळ्या केल्या. म्हणजे लहान आतड्याचा अभ्यास चालतो तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर! पण या पेशींचा स्वभावच वेगळा. एकमेकींना खेटून जागा संपली की त्या वाढ आवरतात आणि लहान आतड्यासारख्या वागू लागतात. वरच्या अंगाला सूक्ष्मांकुर फुटतात, साखर फोडणारी विकरं तयार होतात, शेजारच्या पेशीशी असलेली फट घट्ट बंद होते.

दिवस जातात ते मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदलण्यात. निर्जंतुक हवेच्या हूडमध्ये हात घालण्याआधी सत्तर टक्के अल्कोहोल, मग एक दिवसाआड जुनं काढून नवं घालायचं. पिपेटचं टोक पडद्याला लागता कामा नये. लागलं तर तिथे भोक, आणि ते भोक डोळ्यांना दिसत नाही. मीडियम गुलाबी-लाल असतं. ते रातोरात पिवळं आणि गढूळ झालं तर जिवाणू शिरले, सगळं टाकून द्यायचं. इनक्युबेटर ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. साध्या प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारख्या असतात. पेशी वरचं पाणी शोषून खाली सोडतात, त्याला जायला वाट नसते, म्हणून थर जागोजागी घुमटासारखा फुगतो. पेशी कामाला लागल्याची खूण म्हणून मला कुठल्याही आकड्यापेक्षा हे घुमट जास्त पटतात.

तरी आकडा घ्यावाच लागतो. दोन टोकांचा इलेक्ट्रोड, एक पाय पडद्याच्या वर, एक खाली. थरातून वीज जायला जितका विरोध, तितका थर घट्ट. रिकाम्या पडद्याचा विरोध त्यातून वजा करायचा, उरलेल्याला क्षेत्रफळाने गुणायचं. शिवाय ल्युसिफर यलो नावाचा रंग वर घालून खाली किती झिरपतो तेही पाहायचं.

हे सगळं कशासाठी? माझ्या बाबतीत, तांदळासाठी. रेशनच्या तांदळात लोह मिसळलेले दाणे घालायला सुरुवात झाली. त्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ला झाली. आमच्याकडच्या राइस मिलमध्ये सरकारी धानाची भरडाई होताना शंभर दाण्यांमागे असा एक दाणा मिसळू लागले. गावात कितीतरी जणांनी तो प्लास्टिकचा समजून निवडून फेकला. त्यातलं लोह बहुधा फेरिक पायरोफॉस्फेटच्या रूपात असतं. भाताची चव, रंग बिघडत नाही, पण ते सहज विरघळत नाही, म्हणून पोटात गेलं तरी अंगी लागेलच असं नाही. ते लागतं का हे पाहण्यासाठी भात शिजवून आधी आम्लात पेप्सिनने, मग स्वादुपिंडाच्या विकरांनी आणि पित्तक्षारांनी पचवतात. हा पचलेला भात पेशींच्या वर घालतात, विकरं पेशींनाच खाऊ नयेत म्हणून मध्ये एक पातळ पडदा ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पेशींनी किती फेरिटिन बनवलं ते मोजतात. लोह आत गेलं तर पेशी ते साठवायला फेरिटिन बनवते. ही पद्धत रेमंड ग्लान आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडली. भाताबरोबर लिंबू पिळलं की फेरिटिन वाढतं, चहा घातला की घटतं. माणसांवरच्या अभ्यासांतही हेच दिसलेलं आहे.

पण या थराच्या भरवशावर किती बोलायचं? खऱ्या लहान आतड्यापेक्षा तो जास्त घट्ट असतो. त्यावर श्लेष्माचा लेप नसतो. हवा असेल तर एचटी२९-एमटीएक्स ही दुसरी पेशी सोबत पेरावी लागते. खरं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, आमचं तीन आठवडे तेच. तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००९मध्ये उंदराच्या आणि २०११मध्ये माणसाच्या आतड्यातल्या मूळपेशींपासून ऑर्गेनॉइड, म्हणजे आतड्याच्या चिमुकल्या प्रतिकृती, वाढवले. त्यात श्लेष्माच्या, संप्रेरकांच्या, सगळ्या जातींच्या पेशी असतात. पण त्यांचं तोंड आतल्या बाजूला, शिवाय वाढवायला महागडी द्रव्यं लागतात. त्यामुळे दोन तांदळांपैकी कुठला बरा, एवढंच विचारायचं असेल तर मी आजही काको-२च घेईन. भंडाऱ्यातल्या एखाद्या बाईला एका ताटातून किती मिलिग्रॅम लोह मिळेल, हे मात्र काको-२ला विचारू नये.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि त्यांना लोहयुक्त तांदूळ द्यावा का, यावरून वाद झाला आहे. लोह किती शोषायचं ते यकृतातून येणारं हेप्सिडिन ठरवतं, आणि आमच्या पडद्याखाली यकृत नाही. त्या प्रश्नासाठी जिल्ह्यातल्या माणसांचं रक्तच तपासावं लागेल.