बिनतारी शर्यतीची मोटार व तिची जुळणी

‘एका खेळण्याकरितां एवढा खर्च कां?’ असा प्रश्न आम्हांस एकाहून अधिक पालकांनीं विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. बाजारांत मिळणारी, बटण दाबतांच पळणारी मोटार आणि आमचीं कांहीं मुलें-मुली रविवारीं शाळेच्या मैदानावर पळवितात ती मोटार, ह्या दोहोंचें रूप सारखें दिसलें तरी जात निराळी आहे. पहिली जशी कारखान्यांतून आली तशीच मोडेपर्यंत राहते. दुसरीचा जवळजवळ प्रत्येक स्क्रू फिरवितां येतो. आणि तो कशासाठीं फिरवावयाचा हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं ती पहिलीहूनही वाईट चालते. ह्या कारणांविषयीं येथें थोडें लिहावयाचें योजिलें आहे.

तारेवांचून दूरच्या यंत्रास आज्ञा देण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला ह्यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहान नाव पाण्याच्या हौदांत अशाच रीतीनें चालवून दाखविली होती. खडबडीत जमिनीवर धांवणाऱ्या लहान मोटारी मात्र पुष्कळ अलीकडच्या. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९७९ सालीं ‘रफ रायडर’ ही गाडी काढली, आणि १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें विजेवर चालणाऱ्या एक-दशांश मापाच्या अशा गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. आमच्या गाड्याही ह्याच मापाच्या, म्हणजे सुमारें ४० सेंटिमीटर लांबीच्या आहेत. पूर्वी दोघांचीं यंत्रें एकाच लहरीवर आलीं तर एकाची गाडी दुसऱ्याची आज्ञा ऐके व भिंतीवर जाऊन आदळे. आतांचीं यंत्रें २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत चालतात व प्रत्येक गाडी आपल्याच चालकास ओळखते, त्यामुळें हें भांडण मिटलें आहे.

आतां मैदानाकडे वळूं. नाशिकची काळी माती पावसाळ्यानंतर आळून घट्ट होते. मार्च उजाडला कीं तीच भेगाळते आणि वर धुळीचा थर बसतो. जेथें मुरूम टाकला आहे तेथें बारीक खडे चाकाखालून सरकतात. म्हणून दिवाळींत उत्तम पळालेली गाडी होळीस घसरते. गाडी बिघडलेली नसते, खालची जमीन बदललेली असते.

गेल्या वर्षीं आमची एक गाडी वळणावर गर्रकन फिरून उलट तोंड करूं लागली. आम्हीं काय केलें? एकाच दुपारीं मागच्या स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललें, टायर बदलले आणि बॅटरीही पुढें सरकविली. गाडी अधिकच फिरूं लागली, आणि कोणत्या बदलानें काय झालें हें सांगणें कोणासही शक्य राहिलें नाहीं. दोन रविवार असे गेले. शेवटीं इयत्ता नववींतील एका मुलीनें सहज विचारलें, ‘सर, ही डावीकडे वळतांनाच कां फिरते? उजवीकडे तर नीट जाते.’ तेथें उलगडा झाला. डावीकडे वळतांना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. मागील उजव्या चाकाचा हात ज्या पिनेवर हालतो, ती विणकामाच्या सुईएवढी पीन किंचित् वांकली होती. हात अडकून राही, चाक जमिनीचा चढउतार सोडून देई आणि पकड सुटे. ती पीन बदलण्यास दहा मिनिटें लागलीं. मग सर्व कांहीं पूर्ववत् करून आम्हीं एक वही घातली. एका फेरीस एकच बदल, आणि तो आधीं वहींत लिहावयाचा, असा तेव्हांपासून आमचा नियम आहे.

जुळणीचा आरंभ सपाट पृष्ठभागावर करावा. आम्ही ओट्याचा उरलेला कडप्पा वापरतों. प्रथम चारही शॉक-अब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांचे ‘शॉकअप’, सोडवावे व प्रत्येक हात उचलून सोडावा. तो आपल्याच वजनानें खालीं पडला पाहिजे. मग शॉक पुन्हां बसवून, बॅटरीसह गाडी वीतभर उंचीवरून कडप्प्यावर सोडावी व ती स्थिरावल्यावर तळाची उंची मोजावी. आमच्या मैदानास २० ते २२ मिलिमीटर ठीक पडते. डावीउजवीकडे ती समान हवी. चाकांचीं वरचीं टोकें एक-दोन अंश आंत कललेलीं ठेवावीं, ह्यास कॅम्बर म्हणतात. वळतांना गाडी बाहेरच्या बाजूस झुकते, तेव्हां हें कललेलें चाक सरळ होऊन जमिनीवर सपाट बसतें. मागील चाकें पुढच्या अंगास सुमारें तीन अंश आंत वळविलेलीं असलीं म्हणजे गाडी सरळ रेषेंत डोलत नाहीं.

शॉक-अब्सॉर्बरविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण येथेंच बहुतेकांचा घोंटाळा होतो. स्प्रिंग ही धक्का साठविते व तो लगेच परत देते. ती एकटी असती तर गाडी चेंडूसारखी उड्या मारीत राहिली असती. नळींतील सिलिकॉनचें तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून कष्टानें जातें आणि त्या धक्क्याची उष्णता करून टाकतें. तेल दाट असेल तर चाक हळू हालतें व बारीक खड्ड्यांवर गाडी नुसती उडत जाते. पातळ असेल तर उडी घेतल्यावर तिचें पोट जमिनीस आपटतें. तेल भरल्यावर दट्ट्या सावकाश वरखालीं करून हवेचे बुडबुडे निघून जाऊं द्यावे, एकही राहिला तर ती बाजू मऊ होते. नाशिकांत थंडीच्या पहांटे पारा कधीं कधीं १० अंशांखालीं उतरतो आणि उन्हाळ्याच्या दुपारीं ४० च्या आसपास जातो. सिलिकॉनचें तेल इतर तेलांहून कमी बदलतें हें खरें, पण बदलतें. म्हणून थंडींत आम्ही एक पायरी पातळ तेल घालतों.

तथापि टायर चुकीचे असतील तर वरील सर्व खटाटोप व्यर्थ होय. भुसभुशीत धुळींत लांब कांट्यांचे, घट्ट जमिनीवर आंखूड व दाट कांट्यांचे. हें आधीं केलें असतें तर आमचे बरेच तेल वांचलें असतें.

मोटरच्या लहान व मोठ्या दांतेरी चाकांमध्यें वहीच्या कागदाची पट्टी घालून तीं जवळ आणावीं व पट्टी काढून घ्यावी; तेवढी फट पुरते. पांच मिनिटें पळविल्यावर मोटरवर बोट टेकवत नसेल तर लहान चाक एक-दोन दांत कमी करावें.

आतां पालकांनीं अवश्य वाचावें असें एक. ह्या गाड्यांतील बॅटरी लिथियमची असते. तिच्या एका घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर चढूं देऊं नये व सुमारें ३ व्होल्टच्या खालीं उतरूं देऊं नये. आठवडाभर ठेवावयाची असेल तर ३.८ च्या जवळपास ठेवावी. तिच्याकरितांच बनविलेला चार्जर वापरावा. मोठें माणूस जवळ असतांनाच, फरशीवर ठेवून ती भरावी. गादी, गोधडी किंवा दप्तर ह्यांवर कदापि नव्हे. रात्रीं लावून झोंपूं नये. फुगलेली बॅटरी, ती अजून चालत असली तरी, वापरूं नये; भोंसकूं नये व कचऱ्यांतही टाकूं नये. मुलांनीं ती प्रयोगशाळेंत आणून द्यावी. तेथें अशा बॅटऱ्यांकरितां वाळूची बादली ठेविली आहे, व तेथून त्या इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे पाठविल्या जातात.

फेऱ्या संपल्यावर प्रथम बॅटरी सोडवावी, मग रंगाच्या जुन्या ब्रशानें धूळ झाडावी आणि ते चारही हात पुन्हां एकदां उचलून सोडून पाहावे.