जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि दारूगोळ्याचा हिशेब

भंडारा जिल्ह्याची ओळख तलाव आणि धान यांनी झालेली असली, तरी याच जिल्ह्यात, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत जवाहरनगर येथे, १९६४ पासून उभी असलेली आयुध निर्माणी देशाच्या तोफांना आणि बंदुकांना लागणारी दारू तयार करत आली आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याच वर्षी नोव्हेंबरात संरक्षण उत्पादन विभाग स्थापन झाला आणि युद्धात उघड झालेली शस्त्रास्त्रांची तूट भरून काढण्यासाठी सरकारी कारखान्यांचे जाळे वाढवण्यात आले. भंडाऱ्याची निर्माणी ही त्या काळाची निर्मिती होय. १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मानाने ती तरुण आहे.

या निर्माणीचे मुख्य उत्पादन म्हणजे प्रणोदके, अर्थात नियंत्रित ज्वलनातून वायू निर्माण करून गोळा नळीबाहेर ढकलणारे पदार्थ. कापसासारख्या तंतुमय सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केले जाते, काही प्रकारांत त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले जाते, आणि हे मिश्रण साठवणुकीत आपोआप विघटित होऊ नये म्हणून त्यात स्थिरक घातला जातो. स्थिरक वर्षानुवर्षे खर्ची पडत असल्यामुळे प्रत्येक लॉटला, म्हणजे एकाच वेळी एकाच मिश्रणातून निघालेल्या मालाला, आयुर्मर्यादा असते आणि गोदामातही त्याची पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते. त्यामुळे अशा मालाची खरी किंमत तो कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतो त्या दिवशी ठरत नाही. काही वर्षांनी तो तोफेत नीट पेटला की नाही, यावर ती ठरते. लष्करी खर्चाच्या काटकसरीची चर्चा करताना ही गोष्ट सहसा नजरेआड होते, आणि या दुर्लक्षाची किंमत फार मोठी असते.

२०२१ पर्यंत ही निर्माणी सरकारी खात्याचा भाग होती व १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणी मंडळाच्या हाताखाली चालत होती. लष्कर मागणीपत्र देई, कारखाना माल देई आणि उत्पादनास आलेला खर्च, पर्यवेक्षण व इतर अप्रत्यक्ष खर्चासह, हीच मालाची किंमत ठरे. जिल्ह्यातला शेतकरी आधारभूत खरेदी केंद्रावर धान नेतो, तेव्हा धानातला ओलावा मोजून, तो १७ टक्क्यांच्या मर्यादेत असल्याची खात्री झाल्यावर, क्विंटलप्रमाणे पैसे मिळतात, बांधावर किती मजूर राबले याची विचारणा होत नाही. आयुध निर्माण्यांच्या हिशेबाची रीत याच्या नेमकी उलट होती. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी, म्हणजे कॅगने, २०१७-१८ या वर्षाच्या तपासणीत मंडळाच्या अर्थसंकल्पाचा ३३ टक्के भाग अप्रत्यक्ष खर्चावर जात असल्याचे आणि केवळ ४९ टक्के वस्तूंच्या बाबतीत उत्पादनाचे उद्दिष्ट गाठले गेल्याचे नोंदवले. वर्षअखेरीस माल प्रत्यक्ष हलवण्याआधीच तो दिल्याची कागदपत्रे तयार करून उद्दिष्टपूर्ती दाखवण्याच्या प्रथेवरही कॅगने बोट ठेवले आहे.

या रीतीचा परिणाम आघाडीपर्यंत पोहोचत होता. मार्च २०१३ ची स्थिती तपासणाऱ्या कॅगच्या २०१५ च्या अहवालानुसार, ४० दिवसांच्या तीव्र युद्धास पुरेल एवढा साठा अपेक्षित असताना लष्कराकडील १७० प्रकारांपैकी निम्म्या प्रकारांचा दारूगोळा १० दिवसही पुरला नसता. निकृष्ट मालामुळे होणाऱ्या हानीचे मोल तर रुपयांत मांडताच येत नाही. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात भीषण आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले, आणि रणगाडाविरोधी सदोष सुरुंगांतून झिरपणारे टीएनटी हे स्फोटक हे कारण त्यानंतर पुढे आले. मालाची गुणवत्ता तपासणारे महासंचालनालय आणि माल बनवणारे कारखाने दोन्ही एकाच संरक्षण उत्पादन विभागाखाली असल्यामुळे दोषाची जबाबदारी निश्चित करणे अवघड होत असे, ही या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव मानावी लागते.

सुधारणेच्या वाटेवर महाराष्ट्रातील माणसांचा वाटा मोठा आहे. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २००५ मध्येच निर्माण्यांचे कंपनीत रूपांतर करण्याची शिफारस केली होती. मे २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली, लढाऊ क्षमता वाढवून खर्चाचा तोल साधण्यासाठी, समिती नेमली. तिच्या ६५ शिफारशी ऑगस्ट २०१७ मध्ये मंजूर झाल्या, सुमारे ५७,००० पदांच्या फेरनियुक्तीचा निर्णय झाला आणि १८८९ मध्ये सुरू झालेल्या लष्करी दुग्धशाळांचा कारभार ३१ मार्च २०२१ रोजी संपुष्टात आला. दूध बाजारातून घेता येते, प्रणोदक मात्र तसे घेता येत नाही. त्यामुळे दुग्धशाळा बंद करण्याइतका निर्माण्यांचा प्रश्न सोपा नव्हता.

कामगार संघटनांच्या तीव्र विरोधानंतरही १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या, आणि भंडारा, चांदा, वरणगाव, देहूरोड, खडकी यांसह १२ कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. प्रलंबित मागणीपत्रांचे करारांत रूपांतर झाले आणि कंपनी कायद्यानुसार नफातोटा मांडणे बंधनकारक ठरले. पहिल्या सहा महिन्यांत या कंपनीने २८ कोटी रुपयांचा प्राथमिक नफा जाहीर केला. ग्राहक मुख्यतः एकच, तोही सरकार, आणि आगाऊ रक्कमही त्याचीच असताना अशा नफ्यावरून कार्यक्षमतेचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. तोच माल कमी खर्चात, वेळेवर आणि निर्दोष मिळतो का, हे नफ्याच्या आकड्यातून कळत नाही.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले आणि ८ कामगारांचा जीव गेला. काटकसर सुरक्षिततेच्या मुळावर तर येत नाही ना, हा प्रश्न त्यामुळे भंडाऱ्यात केवळ ताळेबंदाचा उरलेला नाही. कंपनीचा ताळेबंद बाराही कारखान्यांचा मिळून असतो, आणि पूर्वी लोकलेखा समितीपुढे येणारा हा कारभार आता सार्वजनिक उपक्रमांच्या संसदीय समितीच्या कक्षेत आला आहे. नाकारलेले लॉट, पुरवठ्यातील विलंब, सुरक्षिततेवरील खर्च आणि अपघात यांची कारखानानिहाय माहिती या समितीने मागवावी आणि लष्करी गुपिते वगळून ती प्रसिद्ध करावी. तसे झाल्यासच जवाहरनगरच्या एका लॉटचा हिशेब फाटकापासून तोफेपर्यंत लावता येईल.