हृदयाची डागडुजी, लेखांक नववा : काकांचे सहा टक्के

ओसाकाच्या पेशीपटांची हकीकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु पाचलकडील एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे आणि त्यातील प्रश्न इतका मुळाला हात घालणारा आहे की, ओसाकाने आठवडाभर थांबलेलेच बरे. त्यांच्या काकांना मुंबईत हृदयविकाराचा झटका आला, तासा-दोन तासांत अँजिओप्लास्टी झाली, आणि पुढे दोन आठवड्यांनी एका खाजगी इस्पितळात कमरेच्या हाडातील मज्जा काढून, तिच्यातील पेशी वेगळ्या करून, त्या हृदयरोहिणीत सोडण्यात आल्या. तेव्हा पंपिंग ३० टक्के होते. सहा महिन्यांनंतरच्या टू-डी एकोमध्ये ते ३६ भरले. 'मज्जेतील पेशींचा हृदयस्नायू होत नाही असे आपण लिहिता, मग हे सहा टक्के आले कोठून?' असे ते विचारतात, आणि पुन्हा एकदा पेशी सोडून घेण्यासाठी कलमांची बाग गहाण टाकण्याचा घरात विचार चालू असल्याचेही कळवतात.

हे सहा टक्के मी खोटे मानत नाही. ते कोठून आले याचा दाखला आपल्याच देशातील एका चाचणीच्या दप्तरात आहे, आणि जर्मनी-अमेरिकेच्या चाचण्यांचा जेवढा गाजावाजा झाला त्याच्या शतांशानेही तिची वार्ता आपल्याकडे पोहोचली नाही याचे मला वर्षानुवर्षे वाईट वाटत आले आहे. एमआय-३ नावाची ही बहुकेंद्री चाचणी वेलू नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध केली. मोठा झटका येऊन गेलेले, पंपिंग २० ते ५० टक्क्यांवर आलेले आणि रोहिणी फुग्याने उघडून घेतलेले २५० रुग्ण त्यांनी घेतले. कोणाला पेशी द्यावयाच्या आणि कोणाला नाही हे डॉक्टरांच्या किंवा रुग्णांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोडले, आणि सहा महिन्यांनी सर्वांचे पंपिंग मोजले. पेशी मिळालेल्यांचे पंपिंग सरासरीने ४.८२ टक्क्यांनी वाढले होते. पेशी न मिळालेल्यांचे ५.१७ टक्क्यांनी!

ज्या वर्षी थंडी वेळेवर पडते त्या वर्षी औषध मारलेली कलमे मोहरतात तशी शेजारची न मारलेलीही मोहरतात, हे आपल्याकडील बागायतदारांना मी सांगावयास नको. हृदयाच्या बाबतीत ही थंडी कोणती, तेवढेच सांगतो. रोहिणी तुंबली म्हणजे तिच्या अमलाखालचा सारा स्नायू एकाच घटकेला मरत नाही. काही भाग मरतो, आणि त्याच्या कडेचा बराचसा स्नायू जिवंत असूनही आकुंचन पावेनासा होतो, मूर्च्छित होऊन पडतो. रक्त पुन्हा वाहू लागले की ही मूर्च्छा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत उतरते, आणि पेशी सोडलेल्या असोत वा नसोत, एकोतील आकडा वर चढतो. मेलेला भाग मात्र व्रण होऊनच राहतो. मोठ्या झटक्यात सुमारे शंभर कोटी स्नायुपेशी नष्ट होऊ शकतात. त्यांची जागा घेण्यासाठी सोडलेल्या पेशी जातात कोठे, हे हॅनोव्हरच्या संशोधकांनी त्यांना किरणोत्सर्गी खूण करून २००५ साली पाहिले, तेव्हा तासाभराने हृदयात जेमतेम १.३ ते २.६ टक्के सापडल्या. बाकीच्या यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसल्या होत्या.

म्हणून काकांचे सहा टक्के मिळवून दिले ते मुंबईतील पहिल्या तासा-दोन तासांनी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे राजापुरात झटका आलेल्या माणसाला मात्र रत्नागिरी गाठावी लागते किंवा अणुस्कुऱ्याचा घाट चढून कोल्हापूर, आणि त्या वाटेवर मूर्च्छित स्नायूचा मृत स्नायू होत जातो. छातीत कळ आल्याबरोबर 'पित्त असेल' म्हणून सोडा घेऊन पहाटेपर्यंत वाट पाहणारी माणसे मी आमच्या आळीत पाहिली आहेत. कार्डिओग्राम काढून, योग्य रुग्णास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मगच पुढे पाठवणे, ही तजवीज तालुक्याच्या ठिकाणी चोवीस तास असावी यासाठी जितका आग्रह धरावा तितका थोडा.

गहाणखताविषयी माझे उत्तर 'नको' असे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांत होणारे मज्जारोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा जो कोणी पैसे मागेल त्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा, आणि काकांच्या गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नयेत.

चौकस वाचक एमआय-३ चाचणीचा मूळ निबंध वाचतील तर त्यांना आढळेल की, ज्यांना ठरलेली पन्नास कोटी पेशींची मात्रा पुरती मिळाली त्यांच्यात थोडा लाभ दिसला होता. परंतु निकाल हाती आल्यावर केलेली ही वाटणी होती, आणि मोठ्या चाचणीने पडताळल्यावाचून ती मानू नये, असा निर्वाळा लेखकांनीच दिला आहे. तशी मोठी चाचणी युरोपात 'बामी' या नावाने निघाली. तिला ३००० रुग्ण हवे होते, मिळाले ३७५. आणि नेहमीच्या उपचारांनीच त्यांच्यातील मृत्यू इतके थोडे झाले की, २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा पेशींच्या बाजूने वा विरुद्ध काही ठरवता आले नाही. ओसाका पुढील आठवड्यात.