मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

मुंबईहून लंडनला निघालेल्या मुलाला निरोप देऊन मंडळी घरीं परततात आणि घड्याळाकडे पाहूं लागतात. विमान केव्हां पोहोंचेल? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत तीन प्रश्न आहेत : वाट किती, वेळ किती, आणि तेथें तेव्हां वाजले किती?

प्रथम वाट. सपाट नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा सीरियाच्या आसपास जाते. पृथ्वी मात्र वाटोळी आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो बलुचिस्तान, इराण व कास्पियन समुद्र ओलांडून युक्रेनवरून युरोपांत शिरतो. हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. याहून जवळची वाट नाहीं.

पण विमानाला नेहमीं दोऱ्यावरून जातां येत नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें युद्ध पेटलें आणि युक्रेनचें आकाश नागरी विमानांना बंद झालें. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांना बंद केलें. अशा वेळीं वळसा घ्यावा लागतो. वळशाचे दर शंभर किलोमीटर म्हणजे प्रवासांत सहा-सात मिनिटांची भर.

आतां वेळ. या मार्गावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर आणि वारा ताशीं ५० किलोमीटर धरला, तर जातांना वेग ८५० होतो, येतांना ९५०. तेवढ्यानेंच सुमारें पाऊण तासाहून अधिक फरक पडतो. वळसे, चढणें व उतरणें धरून सर्वसाधारणपणें जातांना साडेनऊ-दहा तास लागतात, येतांना सुमारें नऊ.

राहिलें घड्याळ. लंडनचें घड्याळ मुंबईच्या मागें असतें. हिवाळ्यांत साडेपांच तास, उन्हाळ्यांत साडेचार. हिवाळ्यांत मुंबईहून रात्रीं दोन वाजतां निघालेला प्रवासी दहा तासांनीं उतरतो, तेव्हां तेथें सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. साडेचार तासांत लंडन आलें असें वाटतें! तोच लंडनहून सकाळीं दहाला निघाला, तर नऊ तासांनीं मुंबईंत रात्रीचे साडेबारा वाजतात. घड्याळ साडेचौदा तास दाखवितें. तिकिटावर छापलेल्या वेळा त्या त्या गांवच्या असतात, हें ध्यानांत न ठेवल्यामुळें कितीएक घरांत उगीच काळजी शिरते.

८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबून लंडनला गेलें. त्यापूर्वीं बहुतेकांना हाच प्रवास आगबोटीनें करावा लागे आणि त्यांत आठवडे जात. शहरें जागचीं हललीं नाहींत. जवळ आली ती वेळ. म्हणून वाट पाहणाऱ्यानें लंडनच्या वेळेंत आधीं साडेपांच किंवा साडेचार तास मिळवावे, आणि मगच दाराकडे कान द्यावा.